मुलाचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि त्यावर मिळणारे लाभ: महाराष्ट्रातल्या पालकांसाठी

मूल दिव्यांग आहे हे कळल्यावर बहुतेक घरांत धावपळ उलट्या टोकाकडून सुरू होते. कोणी सांगतं तहसीलमध्ये पगार सुरू होतो, की आई तहसीलला जाते. कोणी शाळाप्रवेशाचं सांगतं, की बाबा पंचायत समितीत जातात. सगळीकडे पहिला प्रश्न एकच येतो, “सर्टिफिकेट आहे का?” म्हणून आधी दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढा, बाकी सगळं त्यानंतर. इथे भर आहे तो बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलांवर, कारण टक्केवारीचे घोळ याच मुलांच्या बाबतीत जास्त होतात. अर्जाची वाट मात्र सगळ्यांसाठी सारखीच आहे.

काही पालक ‘मुलावर शिक्का बसेल’ म्हणून वर्षानुवर्षं अर्जच करत नाहीत. कार्ड तुमच्याकडेच राहतं. ते कुठे दाखवायचं आणि कुठे नाही, हे तुम्हीच ठरवता. उशिराने मात्र नुकसान होतं आणि ते मुलाचं होतं.

मूल यादीत बसतं का?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, कर्णबधिरत्व, अंधत्व आणि अल्पदृष्टी हे बहुतेकांना माहीत असतात. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हेही त्याच यादीत आहेत, हे अनेकांना ठाऊक नसतं. विदर्भातल्या आणि आदिवासी पट्ट्यातल्या सिकलसेलग्रस्त मुलांच्या पालकांनी याची खास नोंद घ्यावी. डाऊन सिंड्रोमचं नाव यादीत नाही. ती मुलं बौद्धिक अक्षमतेखाली येतात. नुसतं एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) किंवा नुसत्या फिट्स यादीत नाहीत. पण त्यांच्याबरोबर बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असेल, तर अर्ज त्या निदानावर करायचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त ‘एडीएचडी’ लिहिलेलं असेल तर बोर्डाला, म्हणजे रुग्णालयातल्या तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाला, पुढे काही करता येत नाही, म्हणून संपूर्ण निदान लिहून घ्या.

वयाचंही गणित आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या कागदावर सहसा ‘सर्वांगीण विकासातील विलंब’ असं निदान येतं आणि प्रमाणपत्र तात्पुरतं मिळतं. तात्पुरतं म्हणजे बिनकामाचं नव्हे. मुदत आहे तोवर ते चालतं. वाचन-लेखनातल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मात्र मूल आठ वर्षांचं होईपर्यंत मिळत नाही, त्यासाठी पहिलीतल्या मुलाला घेऊन हेलपाटे घालू नका. दरम्यान जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, तपासणी आणि थेरपी मोफत मिळते. तिथल्या नोंदी पुढे बोर्डासमोर फार उपयोगी पडतात.

कागद: नावाचं स्पेलिंग आधी

सर्वात जास्त अर्ज कुठे अडत असतील तर नावात. जन्मदाखल्यावर ‘अथर्व’, आधारवर इंग्रजीत एक अक्षर जास्त, शाळेच्या रजिस्टरला वडिलांचं नाव नाही. यूडीआयडी आधारवरून तयार होतं, आणि पुढे बँक, शाळा, तहसील सगळे यूडीआयडीशी ताडून पाहतात. म्हणून जन्मदाखला, आधार आणि रेशनकार्ड एका ओळीत ठेवा आणि नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर तपासा. चूक असेल तर अर्जाआधी आधार दुरुस्त करा. कार्ड छापून आल्यावर दुरुस्ती करायला बराच वेळ जातो.

मूल पाच वर्षांचं झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी आधारचे बायोमेट्रिक अद्ययावत करावे लागतात. मूल बोटं ठेवू देत नसेल किंवा डोळा स्थिर ठेवत नसेल, तर आधार केंद्रात ‘बायोमेट्रिक अपवाद’ म्हणून नोंद करता येते. ऑपरेटर ‘जमत नाही’ म्हणाला तर पर्यवेक्षकाला विचारा. आधारला लागलेला मोबाइल नंबर चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो.

वैद्यकीय फाइल तारखेप्रमाणे लावा: प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, एनआयसीयूचे कागद असतील तर ते, एमआरआय, ईईजी, कानाची बेरा चाचणी, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल, थेरपिस्टच्या नोंदी, शाळेचं पत्र. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

अर्ज भरताना

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. मोबाइलवरून भरता येतो, नाहीतर महा ई-सेवा केंद्रातून भरून घ्या. मुलाचा अलीकडचा फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आणि आधार क्रमांक लागतो. मूल सही करत नसेल तर अंगठ्याचा ठसा स्कॅन करून चढवायचा. पालकाचं नाव आणि नातं या रकान्यात पुढे बँकेत ज्याचं नाव लागणार आहे त्याचंच टाका. आई अर्ज भरते आणि खातं वडिलांबरोबर निघतं, मग दोन्हीकडे खुलासे देत बसावं लागतं.

दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना एकापेक्षा जास्त प्रकार टिक करता येतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला बौद्धिक अक्षमताही असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर तेही इथेच लिहा. इथे सुटलं तर बोर्डाच्या दिवशी त्या विषयाचे डॉक्टर तुमचं मूल पाहणारच नाहीत.

त्यानंतर रुग्णालय निवडायचं. गावातून जिल्हा रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय, मोठ्या शहरांतून शासकीय वा महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमतेची तपासणी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात होत नाही, कारण तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघंही असतातच असं नाही. अर्जाआधी फोन करून किंवा जाऊन विचारा, “या प्रकाराची तपासणी इथे होते का, आणि कोणत्या वारी?” नाहीतर अर्ज तिथे पडून राहतो. शेवटी नोंदणी क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२४ मधल्या नियमदुरुस्तीनुसार प्रमाणपत्र देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. अर्जदार तपासणीला आलाच नाही आणि दोन वर्षं गेली, तर अर्ज बंद होतो आणि नव्याने भरावा लागतो. आपोआप कोणी बोलावेल म्हणून थांबू नका. नोंदणीची पावती घेऊन ठरलेल्या वारी स्वतः जा.

बोर्डाचा दिवस

इथे सगळ्यात जास्त तयारी लागते आणि नेमकी इथेच कोणी करत नाही. डॉक्टर तुमच्या मुलाला काही मिनिटं पाहणार असतात. त्या काही मिनिटांत मूल शांत बसलं, नाव विचारल्यावर सांगितलं, की घरचं चित्र त्यांना दिसतच नाही. शिवाय आपली माणसं संकोचाने किंवा अभिमानाने म्हणतात, “तसा तो सगळं करतो.” त्याच्यामागे कोण किती राबतं ते सांगायचं राहून जातं.

बौद्धिक अक्षमतेत फक्त बुद्ध्यांक पाहत नाहीत. मूल वयाच्या मानाने रोजचं किती स्वतः करतं, याचं मोजमापही त्यात असतं आणि ती उत्तरं पालकच देतात. स्वमग्नतेसाठी ‘इसा’ ही भारतीय मापनपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे ‘क्वचित’पासून ‘कायम’पर्यंत. ७० च्या खाली स्वमग्नता धरत नाहीत. नजरेला नजर देणं, धोक्याची जाणीव, तेच तेच बोलणं, आवाजाचा त्रास अशा मुद्द्यांवर तुमचं उत्तर ‘कधी कधी’ की ‘बहुतेक वेळा’ यावर गुण ठरतात. म्हणून तोंडी उत्तरांवर विसंबू नका. दोन आठवडे आधीपासून एका वहीत रोज लिहा आणि त्यातून दोन पानं तयार करा. नोंदी अशा असाव्यात:

“जेवण: पोळीचा तुकडा भाजीत बुडवून हातात दिला तर खातो. स्वतः तुकडा मोडत नाही. ताटात दोन पदार्थ एकमेकांना लागले तर ताट ढकलतो. शी-शू: शू लागली की सांगत नाही, दर दीड तासाने न्यावं लागतं, रात्री डायपर. कपडे: चड्डी वर ओढतो, बटण-चेन नाही. बोलणं: सुमारे पंधरा शब्द, दोन शब्द जोडत नाही. धोका: दार उघडं दिसलं की रस्त्यावर पळतो, गाडी बघत नाही, दाराला वरून कडी लावली आहे. झोप: रात्री दोन-तीन वेळा उठतो, कोणीतरी जागं राहावं लागतं.”

‘हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’ असल्या शब्दांनी काही ठरत नाही. कोणती कृती, किती वेळा, कोणाच्या मदतीने, हे लिहा. मूल जे करतं तेही खरं लिहा. वाढवून सांगू नका. राज्यात बोगस प्रमाणपत्रांच्या पडताळण्या झाल्या आहेत आणि फेरतपासणीत आकडा बदलला तर मिळालेले लाभही अडचणीत येतात. उलट खऱ्या, बारीक नोंदींवर शंका घ्यायला जागा उरत नाही.

त्या दिवशी रोजची औषधं रोजच्या वेळी द्या. शांत राहावं म्हणून जादा गोळी देऊ नका आणि ‘खरं रूप दिसावं’ म्हणून औषध चुकवूही नका. फिट्स येणाऱ्या मुलाचं तर कधीच नाही. सकाळी लवकर पोचा, बरोबर दोन मोठी माणसं हवीत: एक रांगेत, एक मुलापाशी. खाऊ, पाणी, बदलायचे कपडे, आवाजाचा त्रास होत असेल तर कानावर लावायचं काही. बुद्ध्यांक चाचणी त्याच दिवशी होईल असं धरून चालू नका. अनेक ठिकाणी तिला वेगळी तारीख मिळते. खासगी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल सोबत न्यावा, पण रुग्णालय आपली चाचणी करतंच.

टक्केवारी हातात आल्यावर

प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घेता येतं, छापील कार्ड पोस्टाने नंतर येतं. रंगावरून गट कळतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि पुढे निळं. ४० ही बहुतेक लाभांची किमान पातळी आहे. दोन प्रकारची दिव्यांगत्वं असली तर टक्के सरळ मिळवत नाहीत. ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत, त्याचं वेगळं सूत्र आहे.

कागद मिळाल्याबरोबर तिथेच उभं राहून पाच गोष्टी वाचा: नाव, जन्मतारीख, निदान, टक्केवारी, आणि कायमस्वरूपी की तात्पुरतं. तात्पुरतं असेल तर मुदत कधी संपते ते मोबाइलमध्ये टाका आणि तीन महिने आधी नूतनीकरणाला लागा. मुदत संपलेल्या कार्डामुळे चालू अनुदान थांबलं, की ते पुन्हा सुरू करायला अर्जापेक्षा जास्त दिवस लागतात. राज्याच्या जुन्या एसएडीएम या ऑनलाइन प्रणालीतलं किंवा हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर तेच पोर्टलवर चढवून यूडीआयडी मागायचं.

आकडा पटला नाही किंवा नकार मिळाला तर नकार कारणासह लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं आणि मूल अठराच्या आतलं असेल तर पालकाने करायचं. अपिलात ‘अन्याय झाला’ एवढंच लिहून भागत नाही. काय पाहिलं गेलं नाही ते लिहा, उदाहरणार्थ बेरा चाचणीचा अहवाल जोडला होता, पण कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मूल पाहिलं नाही. तरीही दाद लागली नाही तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करा.

दरमहा अनुदान: संजय गांधी निराधार योजना

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या योजनेतल्या दिव्यांगांचं अनुदान महिन्याला दीड हजारांवरून अडीच हजार केलं. अट आहे ४० टक्के दिव्यांगत्व, राज्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. म्हणजे महिन्याला जेमतेम ४,१६६ रुपये. हातगाडी लावणाराही यात बसत नाही, आणि ज्यांना खरी गरज आहे अशी असंख्य घरं या एका आकड्याने बाहेर राहतात. ही मर्यादा वाढायलाच हवी. तोवर उत्पन्न मात्र खोटं दाखवू नका. तलाठ्याची चौकशी होते आणि नंतर उघड झालं तर वसुली लागते.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, यूडीआयडी, मुलाचं आणि पालकाचं आधार, बँक पासबुक. पोच घेतल्याशिवाय निघू नका. मंजुरी समितीच्या बैठकीत होते. बैठक लांबली की सगळे अर्ज लांबतात, म्हणून “पुढची बैठक कधी?” हे शाखेतल्या लिपिकाला विचारून ठेवा. मंजुरीनंतर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात.

मंजूर होऊनही पैसे न येण्याचं नेहमीचं कारण बँकेत असतं. खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि ते डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, ‘सीड’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे जातात ते शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं त्या खात्यात. शाळेने शिष्यवृत्तीसाठी मुलाचं दुसरं खातं काढलं असेल तर अनुदान तिकडे जाऊन पडलेलं असतं. मुलाचं पालकासह एकच खातं ठेवा आणि शाखेत ‘एनपीसीआय मॅपिंग’ (सीडिंगचंच बँकेतलं नाव) झालं का, असंच विचारा.

निरामय विमा

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाची, म्हणजे केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची, ही योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही आणि आधीपासूनचा आजार म्हणून नकारही नाही. नोंदणी दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५००. हॉस्पिटलमध्ये दाखल न होताही बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचा खर्च मिळतो, हे तिचं वेगळेपण. मात्र एक लाख ही एकत्रित मर्यादा आहे. थेरपी, ओपीडी, शस्त्रक्रिया यांना आतमध्ये वेगवेगळ्या मर्यादा आहेत. विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून नोंदणी एप्रिलमध्येच करा. जानेवारीत केली तर तीनच महिने हाती लागतात. थेरपीच्या बिलावर थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, तारखा आणि सही हवी. बिलं साठवून ठेवू नका, उपचार झाल्याबरोबर दावा पाठवा.

शाळा, प्रवास, कर

६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांमध्ये दिव्यांग मूल वंचित गटात धरतात आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट न कळल्यामुळे अनेक मध्यमवर्गीय पालक अर्जच भरत नाहीत. प्रवेशफेरी सुरू होण्याआधी प्रमाणपत्र हातात हवं. सरकारी शाळेत असाल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. प्रवासभत्ता, मदतनीसभत्ता, साधनांची शिबिरं आणि घरी येऊन शिकवण्याची सोय त्यांच्याकडूनच चालते.

एसटीत ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के सवलत आहे आणि एकट्याने प्रवास न करू शकणाऱ्या बौद्धिक अक्षम मुलाच्या सोबत्यालाही तेवढीच. रेल्वेचा स्वतःचा नमुना शासकीय डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. त्यात स्वमग्नतेचा वेगळा रकाना नाही, म्हणून दोन्ही निदानं असतील तर बौद्धिक अक्षमतेचा उल्लेख राहू देऊ नका. २५ वर्षांखालच्यांना हा कागद पाच वर्षं चालतो.

नोकरदार पालकांना आयकरात ८०डीडी नावाने ओळखली जाणारी वजावट मिळते: ७५ हजार, ८० टक्के आणि पुढे सव्वा लाख. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी तिचा संबंध नाही. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तेव्हा दोन्ही हिशोब मांडून पाहा. सरकारी नोकरीत असाल तर मुलाची नोंद सेवापुस्तकात आजच करून घ्या. आईवडिलांनंतर त्याला आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्यासाठी ती लागते.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. प्रत्येक ठिकाणी योजना निराळ्या असतात, म्हणून ग्रामसेवकाकडे किंवा समाजविकास विभागात लेखी अर्ज देऊन मुलाचं नाव त्यांच्या दिव्यांग नोंदवहीत चढवून घ्या. गोव्यात राहणाऱ्यांसाठी यूडीआयडी हेच, दरमहा मदत मात्र दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून.

अठरा पूर्ण होताना

अठराव्या वर्षी कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत, मग मुलाला स्वतःचे निर्णय घेता येत असोत वा नसोत. बँक पहिल्यांदा अडवते. निरामयच्या त्याच चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून, म्हणजे एलएलसीकडून, कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. आईवडील दोघं मिळून अर्ज करू शकतात. त्याच सुमारास बौद्धिक अक्षमतेची पुनर्तपासणी होऊन कायमस्वरूपी प्रमाणपत्र मिळतं. सतरावं वर्ष सरता सरता दोन्ही अर्ज तयार ठेवा: आधी पुनर्तपासणी, मग तेच नवं प्रमाणपत्र जोडून पालकत्वाचा अर्ज.